एका लढाईची नोंद तपासताना
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



"इतिहास आणि आजचा विद्यार्थी" या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. विषय समुद्राएवढा मोठा आहे आणि मी बी. ए., बी. एड. झालेला एक साधा शिक्षक आहे, संशोधक नव्हे. म्हणून सगळ्या इतिहासावर बोलण्याऐवजी मी एकाच लढाईवर बोलणार आहे. खरे म्हणजे लढाईवरही नव्हे, तर त्या लढाईविषयी कोशात जी नोंद असते, ती कशी तपासावयाची एवढ्यावरच. हे भाषण पुढे स्मरणिकेत छापले जाणार आहे. तेव्हा जे ऐकत आहेत व जे पुढे वाचतील, त्या सर्वांना माझी विनंती अशी की पुढचा अर्धा तास तुम्ही स्वतःला त्या नोंदीचे संपादक समजा. लाल पेन्सिल तुमच्या हाती आहे.

कोश म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. कोणत्याही विषयाची खात्रीची माहिती थोड्या शब्दांत जेथे सापडते तो ज्ञानकोश. मराठीत हे काम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर केले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले आणि १९२० च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड मराठी वाचकांच्या हाती दिले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'मराठी विश्वकोशा'चे काम सुरू झाले व त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. हे काम कोठून चालले? मुंबईहून नव्हे, पुण्याहूनही नव्हे. सातारा जिल्ह्यातील वाई या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातून. मुरुमच्या मुलांनी ही गोष्ट मनात जपून ठेवावी. ज्ञानाचे काम करावयाला राजधानीचे शहर लागत नाही. चार टेबले, भरपूर पुस्तके आणि मन लावून वाचणारी माणसे लागतात.

विश्वकोशाचा कोणताही खंड उघडा. नोंद संपली की खाली ती कोणत्या ग्रंथांच्या आधारे लिहिली ते दिलेले असते व ती लिहिणाऱ्याचे नावही असते. ही दोन टोके फार महत्त्वाची आहेत. कोण सांगतो आणि कशाच्या आधारे सांगतो, हे ज्या नोंदीत नाही, ती वाचावी. पण तिच्यावर विसंबू नये.

आता आपली लढाई. इसवी सनाच्या सातव्या शतकात उत्तरेत कनौजचा सम्राट हर्षवर्धन राज्य करीत होता आणि दक्षिणेत बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी. हर्ष दक्षिणेकडे आला, पुलकेशीने त्याला अडविले, हर्षाला परत फिरावे लागले. एवढी हकीकत शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. यंदा मी नववीच्या मुलांना सांगितले की या लढाईवर शंभर शब्दांची नोंद घरून लिहून आणा, आणि प्रत्येक वाक्याखाली ते कोठून घेतले तेही लिहा. नोंदी आल्या. एकाने लढाईचे साल ६१२ दिले, दुसऱ्याने ६२०, तिसऱ्याने ६३४ आणि एका मुलीने ६१८. मुले आपसात भांडू लागली. मी म्हणालो, भांडू नका. चौघांनीही छापील आधारावरूनच लिहिले आहे. हे चार आकडे आले कोठून, ते आपण पाहू.

तर संपादक महाशय, घ्या पेन्सिल. नोंदीतले पहिले वाक्य : "नर्मदेच्या काठी पुलकेशीने हर्षाचा पराभव केला." हे आपल्याला कोणी सांगितले?

पहिला साक्षीदार दगडाचा आहे. सोलापूर-विजापूरच्या वाटेने पुढे गेले की बागलकोट जिल्ह्यात ऐहोळे नावाचे गाव लागते. तेथे टेकडीवर मेगुती नावाचे जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर रविकीर्ती नावाच्या कवीने संस्कृतात रचलेली पुलकेशीची प्रशस्ती कोरलेली आहे. तिच्यात शके ५५६ असे वर्ष आहे. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हे तुम्ही शिकला आहात : ५५६ अधिक ७८ म्हणजे ६३४. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होऊन पुढच्या फाल्गुनात संपते. म्हणून नुसते ६३४ न लिहिता ६३४-३५ असे लिहावयाचे. ज्यांच्या घरी हिजरी दिनदर्शिका आहे त्यांना हे लवकर समजेल. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून हिजरी सनात सरळ ६२२ मिळवून इसवी सन काढणारा मनुष्य हमखास चुकतो. सनांचे रूपांतर ही संपादकाची पहिली परीक्षा होय.

रविकीर्ती काय म्हणतो? रणांगणात हर्षाचे हत्ती पडले आणि ज्याचे नावच आनंदवाचक आहे अशा त्या हर्षाचा हर्ष भीतीने मावळला, अशी शब्दांची कोटी तो करतो. आता बारकाईने पाहा. ज्या श्लोकात हर्षाच्या पराभवाचे वर्णन आहे, त्या श्लोकात नर्मदेचे नाव नाही. पुढच्या श्लोकात विंध्याद्रीचा आणि रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, वाळवंटांचा उल्लेख येतो. दोन्ही श्लोक शेजारी असल्यामुळे लढाई नर्मदेच्या परिसरात झाली असे विद्वान मानतात. हे अनुमान सबळ आहे. तरी ते अनुमान आहे. मग संपादकाने काय करावे? वाक्य खोडू नये. "नर्मदेच्या काठी" याऐवजी "नर्मदेच्या परिसरात झाली असे मानले जाते" असे लिहावे. तीन-चार शब्द वाढले, पण वाक्य प्रामाणिक झाले.

दुसरी गोष्ट. रविकीर्ती कोणाचा कवी? पुलकेशीच्या आश्रयाचा. आश्रयदात्याची स्तुती करणे हे त्याचे कामच होते, आणि स्वतःविषयीही तो संकोच करीत नाही. आपली कीर्ती कालिदास व भारवी यांच्या बरोबरीची आहे असे तो त्याच लेखात सांगतो. म्हणून त्याचे म्हणणे टाकून द्यावयाचे काय? नाही. पण जिंकणाऱ्याच्या बाजूचा साक्षीदार एकटा उभा असेल, तर दुसरा साक्षीदार शोधणे हे संपादकाचे कर्तव्य ठरते.

हरणाऱ्या बाजूचा साक्षीदार कोण? हर्षाच्या दरबारी बाणभट्ट होता व त्याने 'हर्षचरित' लिहिले. पण त्यात ही लढाई नाही. ते चरित्र हर्षाच्या कारकिर्दीच्या आरंभाच्या घटनांपाशीच थांबते. तेव्हा "बाणभट्टाने पराभव लपविला" असेही कोणी लिहू नये.

तिसरा साक्षीदार मात्र दोघांच्याही बाहेरचा आहे, आणि म्हणूनच मोलाचा आहे. तो म्हणजे चिनी प्रवासी ह्युएनत्संग. हर्षाने त्याचा मोठा सत्कार केला होता. म्हणजे त्याचा ओढा असलाच तर हर्षाकडे असावयास पाहिजे. इ. स. ६४१ च्या सुमारास तो दक्षिणेत आला. त्याने लिहून ठेवले आहे की हर्षाने पूर्व-पश्चिमेचे देश जिंकले, पण महाराष्ट्र देशाच्या लोकांनी त्याला मान तुकविली नाही. त्याने स्वतः सैन्य घेऊन चाल केली तरीही त्यांना तो जिंकू शकला नाही. यजमानाला न शोभणारी गोष्ट पाहुणा सांगतो, तेव्हा तिचे वजन वाढते. मात्र तो हर्ष "जिंकू शकला नाही" एवढेच सांगतो. रणांगणावरच्या दारुण पराभवाचे चित्र रविकीर्तीचे आहे. दोघांची वाक्ये एकत्र कालवून एकच भडक वाक्य बनविणे हे संपादकाचे काम नव्हे.

आता आकड्यांकडे वळू. एका मुलाच्या नोंदीत असे वाक्य होते की हर्ष ६० हजार हत्ती आणि १ लाख घोडदळ घेऊन नर्मदेवर आला. हा आकडा मुलाने कल्पनेने लिहिलेला नाही. ह्युएनत्संगाच्या वृत्तांतात तो आहे; पण तो नर्मदेवरच्या लढाईचा नाही. हर्षाने आरंभी ५ हजार हत्तींनिशी मोहिमा सुरू केल्या आणि पुढे त्याचे बळ ६० हजार हत्ती व १ लाख घोडेस्वार इतके वाढले, अशा अर्थाचे ते सर्वसाधारण वर्णन आहे. कोणीतरी ते उचलून नर्मदेच्या काठावर नेऊन ठेवले. एका जागचा खरा आकडा दुसऱ्या जागी ठेवला की तो खोटा होतो. तीच गोष्ट ऐहोळे लेखातील तीन महाराष्ट्रकांच्या ९९ हजार गावांची. तो प्रशस्तीतला आकडा आहे. तो तसाच, त्या लेखाचे नाव घेऊन द्यावा. जनगणनेचा आकडा असल्यासारखा देऊ नये.

आता मुलांच्या भांडणाकडे, म्हणजे सालाकडे येऊ. उर्दूत 'तारीख' हा शब्द दिवसालाही आहे आणि इतिहासालाही आहे. तारीख बिघडली की तारीखच बिघडते, असे मी वर्गात नेहमी म्हणतो.

६१२ हा आकडा कसा आला? इ. स. ६१२-१३ चा पुलकेशीचा एक ताम्रपट हैदराबाद येथे मिळाला. शेकडो लढाया लढलेल्या शत्रूला जिंकून पुलकेशीने 'परमेश्वर' ही पदवी मिळविली असे त्यात आहे. पुढच्या चालुक्य राजांचे लेख सांगतात की ही पदवी उत्तरापथाचा स्वामी हर्ष याला हरवून मिळाली. ही दोन वाक्ये जोडून डॉ. फ्लीट यांच्यासारख्या थोर अभ्यासकाने लढाई ६१२ च्या सुमाराची ठरविली. पण मूळच्या ताम्रपटात हर्षाचे नावच नाही. व्हिन्सेंट स्मिथ यांनी ६२० च्या सुमाराचे साल दिले, आणि त्यांचा इतिहास बरीच वर्षे शाळा-कॉलेजांतून वाचला जात असल्यामुळे ते सर्वत्र पसरले.

मग ६३० ते ६३४ हे कोठून आले? नाशिक जिल्ह्यातील लोहोणेर येथे पुलकेशीचा इ. स. ६३० चा ताम्रपट मिळाला. त्यात त्याच्या पराक्रमांचे वर्णन आहे, पण हर्षाच्या पराभवाचा उल्लेख नाही. ६३४-३५ च्या ऐहोळे लेखात तो आहे. म्हणून काही अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की लढाई या दोन सालांच्या दरम्यान झाली असली पाहिजे. युक्तिवाद ऐकावयास किती नेटका वाटतो! पुष्कळ पुस्तकांत, पुष्कळ कोशांत तो ठाण मांडून बसला.

आणि मग २०१६ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील अभ्यासक डॉ. श्रीनंद बापट आणि प्रदीप सोहोनी यांनी वाचलेल्या एका नव्या ताम्रपटाची माहिती प्रसिद्ध झाली. हा 'विजापूर-मुंबई' ताम्रपट पुलकेशीचाच असून एप्रिल ६१९ मधला आहे. आणि त्यात हर्षावर मिळविलेल्या विजयाचा उल्लेख आहे. म्हणजे लढाई त्या तारखेच्या आधीच झालेली होती. त्यावरून या अभ्यासकांनी ती ६१८-१९ च्या हिवाळ्यातली ठरविली.

मित्रहो, येथे क्षणभर थांबा. ६१९ च्या ताम्रपटात विजयाचा उल्लेख आहे. ६३० च्या ताम्रपटात नाही. म्हणजे लोहोणेरचा ताम्रपट लिहिणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक नव्हती असे नव्हे, ती अजून घडली नव्हती असेही नव्हे. त्याने ती लिहिली नाही, इतकेच. कागद गप्प आहे म्हणून घटना घडलीच नाही, असे म्हणता येत नाही. ज्यांनी ६३० नंतरचे साल ठरविले ते काही अडाणी नव्हते. त्यांच्यापुढे जेवढा पुरावा होता, तेवढ्यावरून त्यांनी तर्क केला. नवा पुरावा आला, तर्क बदलला. ज्ञानाच्या क्षेत्रात यात कोणाचाही अपमान होत नाही. म्हणून त्या मुलीने लिहिलेले ६१८ हे साल मी मान्य केले, पण तिला एक दुरुस्ती सुचविली : नुसते "६१८" न लिहिता "नव्या ताम्रपटाच्या आधारे ६१८-१९ चा हिवाळा" असे लिही. उद्या आणखी एखादा ताम्रपट सापडला, तर तुझे वाक्य तेव्हाही खोटे पडणार नाही.

अशाच नोंदींत आणखी एक मजकूर हमखास येतो : अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पुलकेशीच्या दरबारी आलेल्या इराणी वकिलातीचे चित्र आहे. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी तसे सुचविले व ते लोकांना आवडले. पण ते लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचे, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाचे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. पुलकेशी सातव्या शतकातला. दीडशे वर्षांनंतर होणाऱ्या राजाचा दरबार त्या चित्रकाराने कसा रंगविला असेल? या वकिलातीच्या गोष्टीला आणखी एक धागा आहे, तो तबरी या नामवंत इतिहासकाराचा. हिंदुस्थानच्या एका राजाने इराणचा बादशहा खुस्रो परवेझ याच्याकडे पत्र व नजराणे पाठविल्याची हकीकत त्याच्या अरबी ग्रंथात आहे, आणि त्या राजाचे नाव काही विद्वानांनी पुलकेशी असे वाचले. ज्या मुलांना अरबी हरफ वाचता येतात त्यांना ठाऊक आहे की एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की शब्द बदलतो. त्यातून परक्या भाषेतले नाव. म्हणून येथेही "काहींच्या मते" हे शब्द हवेत. पाहा, मदरशात शिकलेली तुमची अरबी महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासाला कशी उपयोगी पडते!

या ठिकाणी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. नोंद तपासण्याची ही रीत आपल्या घरात परकी नाही. हदीसचे संकलन करणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक वचनामागे सांगणाऱ्यांची साखळी, म्हणजे इस्नाद, मागितली. अमुक माणसाने तमुकाकडून ऐकले म्हणता, तर ते दोघे एका काळात होते काय? त्यांची भेट झाली होती काय? सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, चारित्र्य कसे होते? या चौकशीचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. इमाम बुखारी यांनी यासाठी शहरोशहरी प्रवास केला. आलेल्या बातमीची शहानिशा करा, अशी शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे. ज्यांचा वारसा असा आहे, त्यांच्या मुलाने मोबाईलवर आलेला मजकूर न तपासता दहा जणांना पुढे पाठवावा, हे शोभते काय?

आता मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. एवढ्या जुन्या लढाईचे साल ६१२ काय नि ६१८ काय, त्याने आपल्या पोटाला काय मिळणार, असे एखादा पालक मनात म्हणत असेल. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

आपले मुरुम गाव सरहद्दीवरचे आहे. कोणाची आत्या आळंदला दिलेली, कोणाची मावशी बसवकल्याणला. घरात दखनी, बाजारात मराठी आणि कन्नड. माझ्या वर्गातल्या एका मुलाने पुलकेशीला "महाराष्ट्राचा राजा" म्हटले. सुटीत त्याची कर्नाटकातल्या मावसभावाशी जुंपली, कारण मावसभावाच्या मते पुलकेशी "कर्नाटकाचा राजा". दोघेही मला विचारावयास आले. मी म्हणालो, तुम्ही दोघे मिळून एक वाक्य लिहा, आणि दोघांचेही समाधान होईल ते लिहू नका, पुराव्यात बसेल ते लिहा. शेवटी त्यांनी लिहिले : "पुलकेशीची राजधानी आजच्या कर्नाटकातील बदामी येथे होती, ऐहोळे लेखात तीन महाराष्ट्रकांवर त्याची सत्ता असल्याचे म्हटले आहे आणि ह्युएनत्संगाने त्याच्या देशाला महाराष्ट्र म्हटले आहे." यात एकही शब्द खोटा नाही आणि भांडणाला जागाही नाही. आजच्या राज्यांच्या सीमा १९५६ आणि १९६० सालच्या. त्या सातव्या शतकातल्या राजाच्या अंगावर कशाला घालावयाच्या?

मराठी माणसाला पुलकेशीचा विजय गोड लागतो, यात नवल नाही. पण संपादकाची कसोटी तेथेच लागते. आपल्या विरुद्ध चुकीचे छापून आले की आपण रागावतो, पत्रे लिहितो, निषेध करतो. आणि आपल्या बाजूने चुकीचे छापून आले तर? तेव्हा आपण गप्प बसतो, किंबहुना ते पाठ करतो. ज्याची पेन्सिल एकाच बाजूने चालते त्याला संपादक म्हणता येत नाही. ज्या पुलकेशीने हर्षाला अडविले, त्याची बदामी इ. स. ६४२ च्या सुमारास पल्लव राजा नरसिंहवर्मन याने जिंकली आणि तेथील खडकावर आपला लेख कोरला. हे वाक्य ऐहोळे येथे सापडणार नाही, कारण तो लेख त्याच्या आधीचा. पण पुलकेशीच्या नोंदीत ते यावयासच हवे.

आज आपल्या समाजाविषयी, आपल्या बादशहांविषयी, सुलतानांविषयी, दखनच्या लढायांविषयी खरे-खोटे पुष्कळ लिहिले जाते. कधी निंदा, कधी फुगवून सांगितलेली स्तुती. त्याने मने दुखावतात, कधी बाजारपेठ बंद पडते, कधी शेजाऱ्याशी बोलणे तुटते. याला उत्तर घोषणेने देता येत नाही. "आधार काय?" एवढे शांतपणे विचारता आले पाहिजे, आणि आपल्याला तोच प्रश्न कोणी विचारला तर शांतपणे उत्तरही देता आले पाहिजे. पण ही सवय एकदम आपल्या जिव्हाळ्याच्या विषयावर लागत नाही, तेथे रक्त तापते. म्हणून मी मुलांना चौदाशे वर्षांपूर्वीची, कोणाच्याही जखमेला न भिडणारी लढाई देतो. हात तेथे बसावा, मग तो कोठेही चालवावा.

पालकांनो, यात रोजीरोटीही आहे. कोशांना, प्रकाशनांना, वर्तमानपत्रांना, पाठ्यपुस्तकांना मजकूर तपासणारी माणसे लागतात. मराठी विश्वकोश आता संगणकावर व मोबाईलवर कोणालाही फुकट वाचता येतो आणि विषयवार ज्ञानमंडळे त्यात नव्या नोंदींची भर घालीत आहेत. २००३ पासून मराठी विकिपीडियाही आहे. त्यात तर कोणीही आधार देऊन दुरुस्ती करू शकतो. मराठी, उर्दू आणि कन्नड अशा तीन भाषा कानावर पडत वाढलेले आपले मूल या कामाला पुणे-मुंबईच्या मुलाहून कमी पडेल असे मला वाटत नाही. त्याला अभ्यासाची एक जागा, चार चांगले कोश आणि "का?" विचारल्यावर न रागावणारा बाप, एवढे मिळाले पाहिजे. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे की पुढील वर्षी आपल्या शाळेच्या ग्रंथालयात विश्वकोशाचे खंड यावेत आणि ते कुलपात न राहता मुलांच्या हाताने मळावेत.

शेवटी, आपण सर्वांनी मिळून तपासलेली नोंद वाचून दाखवितो. ती नववीच्या मुलांची आहे. मी फक्त शुद्धलेखन पाहिले.

"हर्ष-पुलकेशी युद्ध : कनौजचा सम्राट हर्षवर्धन व बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यांच्यातील युद्ध. पुलकेशीच्या आश्रयाचा कवी रविकीर्ती याच्या ऐहोळे येथील शिलालेखात (इ. स. ६३४-३५) हर्षाच्या पराभवाचे वर्णन आहे. हर्षाला महाराष्ट्र जिंकता आला नाही, असे चिनी प्रवासी ह्युएनत्संग यानेही नमूद केले आहे. युद्ध नर्मदेच्या परिसरात झाले असे मानले जाते. त्याच्या काळाविषयी पूर्वी ६१२ ते ६३४ अशी भिन्न मते होती. एप्रिल ६१९ च्या एका ताम्रपटाच्या आधारे ते ६१८-१९ च्या हिवाळ्यात झाले असावे, असे अलीकडचे मत आहे. दोन्ही बाजूंच्या सैन्याचा विश्वसनीय आकडा उपलब्ध नाही."

शंभरापेक्षा कमी शब्द आहेत. यात तलवारींचा खणखणाट नाही, रक्ताचे पाट नाहीत. पण यातले कोणतेही वाक्य पुढे करून "याला आधार काय?" असे कोणी विचारले, तर माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगाही उभा राहून उत्तर देईल. वाचकहो, या स्मरणिकेतल्या माझ्या भाषणालाही तुम्ही हाच प्रश्न विचारावा. शंका आली तर खूण करून मला दाखवावी. मी तिचे स्वागतच करीन.

 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.